खालच्या मजल्यावरचं टोकन, वरच्या मजल्यावरची व्हीएम

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागात दुमजली घर. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा कॉम्प्युटर पाण्यात गेला, तेव्हापासून मशीन वरच्या खोलीत. एका मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, त्यात टॅक्सच्या कामांसाठी एक विंडोज व्हीएम (असा आभासी कॉम्प्युटर) आणि एक लिनक्स व्हीएम. ऑफिस आणि हळद-मसाल्याचं पॅकिंग मात्र खालीच चालतं, त्यामुळं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल), वजनकाटे, लेबल प्रिंटर, बॅकअपची डिस्क आणि वेबकॅम खाली. १५ मीटरची यूएसबी केबल जिन्यावरून ओढून पाहिली, वर काहीच दिसलं नाही. घरच्या नेटवर्कवरून हे सगळं व्हीएमला देता येईल का?

येईल. फक्त पाचही गोष्टी एकाच वाटेनं वर न्यायला जाऊ नका. प्रत्येक वस्तूपाशी उभं राहून आधी एकच विचारायचं: ही वस्तूच वर न्यायची आहे, की हिचं काम वर पोचलं तरी भागतं? काम पोचवणं नेहमी सोपं पडतं आणि टिकतं. वस्तूच न्यावी लागेल अशी तुमच्या यादीत खरं तर एकच गोष्ट आहे, ते टोकन.

केबलचं आधी सांगतो, कारण तिथं तुमचे पैसे गेलेत. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे, आणि ही मर्यादा तांब्याच्या जाडीवर ठरत नाही. होस्टनं, म्हणजे वस्तू ज्याला लावली त्या कॉम्प्युटरनं, हाक मारली की डिव्हाइसनं ठरलेल्या वेळात ओ द्यायची, आणि केबलीत किती उशीर चालेल ते नॅनोसेकंदांत ठरलेलं असतं. केबल लांबली की ओ उशिरा येते, आणि होस्ट समजतो पलीकडं कुणी नाहीच. त्यामुळं जाड केबल, महाग केबल, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकाची केबल, कशानंही १५ मीटर जमणार नव्हतं. मध्ये हब किंवा रिपीटर असलेल्या केबली मिळतात, त्या चालतात, पण व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवली की पुन्हा जिन्यावर चढा.

मग नॅनोसेकंदांचा उशीर न खपवणारी गोष्ट नेटवर्कवर मिलिसेकंदांच्या उशिरानं कशी चालते? तर नेटवर्कवरून तार लांबवली जातच नाही. खाली एक छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, समजा रास्पबेरी पाय. (घरात नुसतं ‘पाय’ म्हटलं की कुणीतरी खाली बघतं, म्हणून मी रास्पबेरीच म्हणतो.) डिव्हाइसशी नॅनोसेकंदांचा सगळा संवाद तिथल्या तिथं रास्पबेरी करते. वर जातात त्या फक्त चिठ्ठ्या: अमुक एंडपॉइंटवर (डिव्हाइसच्या आतल्या कप्प्यावर) एवढे बाइट पाठव, तमुक एंडपॉइंटवरून एवढे आण. लिनक्समध्ये या चिठ्ठीला यूआरबी म्हणतात, आणि चिठ्ठीचं उत्तर दहा मिलिसेकंद उशिरा आलं तर बहुतेक डिव्हाइसांचं काही बिघडत नाही. जपानमधल्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी ही कल्पना यूएसबी/आयपी या नावानं उभी केली आणि २००५ मध्ये मांडली. लिनक्स कर्नलच्या २.६.२८ आवृत्तीत ती कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात आली आणि २०१४ मध्ये ३.१७ आवृत्तीत पक्क्या जागी बसली. म्हणजे आज कुठलंही चालू लिनक्स घ्या, माल आत आहेच, फक्त चालू करायचा.

आता एकेक वस्तू.

वेबकॅम सोडून द्या. त्याचा डेटा आयसोक्रोनस प्रकारचा असतो, म्हणजे वेळेवर आला तर आला, चुकला तर सोडून पुढं. यूएसबी/आयपी टीसीपीवरून चालतं, आणि नेटवर्कवर डेटा पोचवायच्या या पद्धतीचा स्वभाव उलटा, हरवलेलं पुन्हा आणल्याशिवाय पुढं सरकत नाही. दोघांचं जमत नाही, चित्र अडखळतं. वेबकॅम खालच्या रास्पबेरीलाच लावा, तिथून आरटीएसपी स्ट्रीम (नेटवर्कवरून व्हिडिओचं प्रक्षेपण) सोडा आणि व्हीएममध्ये ती बघा.

डिस्कचं गणित तुम्हीच करून बघा. यूएसबी डिस्क जुन्या पद्धतीनं बोलते तेव्हा प्रत्येक कमांडला तीन फेऱ्या होतात: कमांड गेली, डेटा आला, स्टेटस आला. लिनक्स यूएसबी २ च्या डिस्कला एका घासाला साधारण १२० केबीच देतं. वायफायवर एका फेरीला ५ मिलिसेकंद धरले तर तीन फेऱ्यांचे १५, वर १२० केबी प्रत्यक्ष वाहायला समजा १०. म्हणजे सेकंदाला ४० घास, ५ एमबीच्या आतबाहेर. ५०० जीबीच्या बॅकअपला जवळपास २८ तास. तीच डिस्क रास्पबेरी ४ च्या यूएसबी ३ पोर्टला लावून सांबानं (नेटवर्कवर फाइली वाटणाऱ्या प्रोग्रॅमनं) शेअर केली आणि मध्ये गिगाबिटची तार असली तर दीड तासाचा मामला आहे. शिवाय डिस्क यूएसबी/आयपीनं दिली आणि मध्येच तुटली तर फाइल सिस्टीम अर्धवट लिहिलेली राहते, ते वेगळंच. अर्थात तुमच्या बाबतीत हे सगळं बाजूला ठेवा. गावभागात बॅकअपची डिस्क तळमजल्यावर ठेवायचीच कशाला? ती वर न्या, मिनी पीसीला थेट लावा, आणि प्रॉक्समॉक्समधून व्हीएमला द्या.

लेबल प्रिंटरला यूएसबी/आयपीची गरज नाही. रास्पबेरीवर पी९१०एनडी नावाचा इवलासा प्रोग्रॅम टाकला की तो ९१०० पोर्टवर कान देऊन बसतो आणि आलेले बाइट जसेच्या तसे प्रिंटरमध्ये ओततो. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, रास्पबेरीचा आयपी द्या, प्रिंटरचा नेहमीचाच ड्रायव्हर टाका. विंडोजला वाटतं नेटवर्क प्रिंटर आहे. फायदा असा की एकाच वेळी दोन व्हीएम आणि तुमचा लॅपटॉप, तिघंही छापू शकतात. यूएसबी/आयपीत वस्तू एका वेळी एकाच्याच हातात असते. काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र दुतर्फा बोलल्याशिवाय कागद ओढत नाहीत. तसला असेल तर मुकाट्यानं यूएसबी/आयपी.

काट्यांपाशी जरा थांबू, कारण इथं लोक उगाच घाम गाळतात. बहुतेक वजनकाटे मुळात आरएस-२३२ सिरीयलवर बोलतात. तुम्ही ज्याला यूएसबी काटा म्हणताय त्याच्या मागं बहुधा सिरीयल-टू-यूएसबी कन्व्हर्टर निघेल. रास्पबेरीवर यूएसबीची यादी बघा. व्हेंडर ०४०३ आणि प्रॉडक्ट ६००१ दिसला तर तो एफटीडीआय कंपनीच्या चिपचा कन्व्हर्टर. मग यूएसबी न्यायचीच नाही, सिरीयल न्यायची. रास्पबेरीवर सेर२नेट (सिरीयल पोर्ट नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) टाकून त्या पोर्टला ९६०० बॉड (काट्याच्या पुस्तिकेत असेल तो आकडा) आणि एक टीसीपी पोर्ट द्या, समजा ४००१. वर विंडोजमध्ये आभासी कॉम पोर्टचं सॉफ्टवेअर टाकता येतं. त्यासाठी आरएफसी २२१७ नावाचा ठराव १९९७ पासून आहे. पण मला आवडणारी वाट वेगळी आहे. प्रॉक्समॉक्सच्या पोटात क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, आहे, आणि क्यूईएमयूला सांगता येतं की या व्हीएमचा सिरीयल पोर्ट म्हणजे रास्पबेरीच्या आयपीवरचं ४००१, तुटलं तर दर १० सेकंदांनी पुन्हा जोडून बघ. व्हीएमच्या कॉन्फिग फाइलीत ‘आर्ग्स’ची एक ओळ. विंडोजला आत साधा कॉम १ दिसतो. ना ड्रायव्हर, ना डोंगल, ना टेस्टिंग. पॅकिंगचं जुनं सॉफ्टवेअर बिचारं वीस वर्षांपूर्वीसारखंच कॉम १ उघडतं आणि वजन वाचतं.

इथं एक फटका मी खाल्लेला आहे. मार्केट यार्डाजवळच्या एका पॅकिंगवाल्याकडं दोन काटे, एक पोत्यांचा आणि एक पुड्यांचा. दोघांना एकाच पेटीतून आणलेले, एकसारखे कन्व्हर्टर लावले. रास्पबेरीत एकाचं नाव टीटीवाययूएसबी० आणि दुसऱ्याचं टीटीवाययूएसबी१ पडलं, मी तीच नावं सेर२नेटमध्ये लिहिली आणि निघालो. दोन दिवसांनी लाईट जाऊन आली, नावांची अदलाबदल झाली, आणि १०० ग्रॅम हळदीच्या पुडीवर ‘निव्वळ वजन ५१.२०० किलो’ असं लेबल चिकटून बाहेर पडलं. पोरानं फोटो पाठवला, खाली हसणारे चेहरे. तेव्हापासून ती क्रमांकाची नावं वापरत नाही. लिनक्स ‘सिरीयल/बाय-पाथ’ या फोल्डरात दुसरी नावं देतं, ती कुठल्या भोकात काय लावलंय त्यावरून ठरतात आणि रीबूटनं बदलत नाहीत. कन्व्हर्टरला स्वतःचा सिरीयल नंबर असेल तर ‘बाय-आयडी’ही चालतं, पण स्वस्तातल्यांना तो नसतो किंवा सगळ्यांना एकच असतो.

आता टोकन. डीएससीची खाजगी किल्ली त्या चिपच्या बाहेर येतच नाही. सहीचं गणित चिपच्या आत होतं आणि बाहेर येते ती फक्त सही. फाइलीसारखी तिची कॉपी व्हीएममध्ये टाकता येत नाही, म्हणून टोकनच न्यावं लागतं. सुदैवानं टोकन यूएसबी/आयपीला अगदी मानवतं. एका सहीला काही डझन छोट्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठी काहीशे बाइटांची. उशीर झाला तरी सही अर्ध्या सेकंदानं मागंपुढं, कुणाला कळतही नाही.

मांडणी अशी. रास्पबेरीवर यूएसबीआयपीचं पॅकेज टाका, ‘यूएसबीआयपी-होस्ट’ मॉड्यूल चढवा, डीमन (मागं चालत राहणारा प्रोग्रॅम) चालू करा. मग स्थानिक यादी मागा. टोकनासमोर ‘१-१.३’ असला पत्ता दिसेल, त्याला बस आयडी म्हणतात. तो पत्ता वस्तूचा नसून भोकाचा असतो, त्यामुळं त्या भोकाशेजारी चिकटपट्टीवर ‘फक्त टोकन’ लिहून लावा. हसू नका, घरातलं कुणीतरी तिथं मोबाइल चार्जिंगला लावतंच. मग त्या पत्त्यावर ‘बाइंड’. बाइंड केलं की रास्पबेरीचा स्वतःचा ड्रायव्हर त्या टोकनावरचा हात काढून घेतो. आता ते रास्पबेरीला वापरता येणार नाही, फक्त देता येईल.

वरच्या बाजूला दोन पर्याय. लिनक्स व्हीएम असेल तर तिच्या आतच ‘व्हीएचसीआय-एचसीडी’ मॉड्यूल चढवून रास्पबेरीच्या आयपीवरून अटॅच करा, संपलं. विंडोज व्हीएम असेल तर आत यूएसबी/आयपीचा विंडोज क्लायंट टाकता येतो, पण मी तसं करत नाही. जुन्या क्लायंटसाठी विंडोजला टेस्ट साइनिंग मोडमध्ये न्यावं लागायचं, म्हणजे सही नसलेले ड्रायव्हर चालू द्यायचे. ज्या मशीनवर तुम्ही कायदेशीर सह्या करणार तिथंच सह्यांची तपासणी बंद! त्यापेक्षा अटॅच प्रॉक्समॉक्सच्या होस्टवर, म्हणजे खुद्द मिनी पीसीवर, करा. होस्टला टोकन आपल्याच पोर्टला लावल्यासारखं दिसतं. मग प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये यूएसबी डिव्हाइस जोडा, व्हेंडर-डिव्हाइस आयडीनं. विंडोजला नेटवर्कचा पत्ताच लागत नाही. आणखी एक फायदा, टोकन निघालं आणि पुन्हा आलं तर आयडी जुळला की क्यूईएमयू ते आपणहून उचलून व्हीएमला देतं. बाकी वाचणाऱ्यांत कुणी हायपर-व्ही वापरत असेल तर त्यात अशी यूएसबी थेट देण्याची सोयच नाही, तिथं व्हीएमच्या आतला क्लायंट किंवा आरडीपी (दुसऱ्या मशीनचा पडदा आपल्याकडं आणणारी विंडोजची सोय) एवढंच हातात राहतं. आणि खाली रास्पबेरी न घेता आधीच एखादा विंडोज पीसी असेल तर यूएसबीआयपीडी-विन नावाचा सर्व्हर त्यावर चालतो, मायक्रोसॉफ्ट स्वतःच डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) साठी तो वापरायला सांगतं. पैसे मोजायची तयारी असेल तर व्हर्च्युअलहिअर आहे. एका डिव्हाइसपुरता फुकट चालतो, आणि कमांड लिहायचा कंटाळा असणाऱ्याला मी तोच सुचवतो.

हे सगळं बरोबर करूनही टोकन दिसणार नाही, आणि का दिसत नाही ते मला एका ३० सप्टेंबरच्या रात्री कळलं. विश्रामबागेत एका सीए मित्राचं ऑफिस, टॅक्स ऑडिट रिपोर्टची शेवटची तारीख, रात्रीचे साडेनऊ. विंडोज व्हीएमवर आम्ही लॅपटॉपवरून आरडीपीनं बसलेलो. टोकनचा दिवा निळा लुकलुकतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्मार्टकार्ड रीडर दिसतोय, पिवळं चिन्हही नाही. आणि टोकनचं सॉफ्टवेअर म्हणतंय, टोकन सापडलं नाही. मी भोक बदललं, केबल बदलली, यूएसबी/आयपी सोडून टोकन थेट होस्टला लावलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. अकरा वाजले. मित्र बोलत नव्हता, नुसता चहा सांगत होता. शेवटी विंडोज मध्येच अडकलंय का बघावं म्हणून मोबाइलवरून प्रॉक्समॉक्सचा कन्सोल उघडला, त्या टिचभर पडद्यावर पासवर्ड टाकला, आरडीपी तुटलं, आणि समोर सर्टिफिकेट हजर! लॅपटॉपवरून परत आरडीपीनं आत गेलो तर गायब. पुन्हा कन्सोल, पुन्हा हजर.

कारण असं की आरडीपी सत्रात विंडोज स्मार्टकार्डाच्या सगळ्या हाका सत्राच्या दुसऱ्या टोकाकडं वळवतं, म्हणजे तुम्ही ज्या लॅपटॉपसमोर बसलाय त्याच्याकडं. व्हीएमला लावलेला रीडर त्या सत्रातल्या प्रोग्रॅमांना दाखवलाच जात नाही. बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. त्या रात्री सह्या कन्सोलवरून केल्या, बारा वाजायला वीस मिनिटं असताना शेवटचा रिपोर्ट गेला.

पण तुमच्यासाठी हीच रचना सोयीची आहे. तुम्ही खाली लॅपटॉप घेऊन बसणार आणि वरच्या व्हीएमवर आरडीपीनं काम करणार, बरोबर? मग टोकन लॅपटॉपलाच लावा. आरडीपीच्या खिडकीत ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘स्मार्ट कार्ड्स’वर खूण करा, टोकनचं सॉफ्टवेअर व्हीएमच्या आत टाका, आणि बघा. टोकन स्मार्टकार्ड रीडरच्या ढंगाचं असेल तर चालून जातं, ना रास्पबेरी ना यूएसबी/आयपी. तीन अडचणी येऊ शकतात. काही टोकनं स्वतःची ओळख वेगळ्याच प्रकारच्या डिव्हाइसची करून देतात, ती अशी वळत नाहीत. दुसरी, पोर्टलवर सही करताना जो स्थानिक प्रोग्रॅम मध्ये असतो तो विंडोज सर्व्हिस म्हणून मागं चालत असेल तर तो तुमच्या आरडीपी सत्रात नसतोच. त्याला लॅपटॉपचं टोकन दिसत नाही, व्हीएमला लावलेलं दिसतं. आणि तिसरी, खाली तुमच्याजागी दुसरं कुणी बसणार असेल तर टोकन तुमच्यासोबत फिरणार. पहिल्या दोन्हीत यूएसबी/आयपीनं टोकन व्हीएमला द्या आणि सहीपुरतं कन्सोलवरून किंवा स्पाइसवरून (व्हीएमचा पडदा दाखवायची प्रॉक्समॉक्सची आणखी एक सोय) बसा. तिसरीबद्दल पुढं बोलतो. कुठलीही वाट घेतलीत तरी तिची चाचणी महिन्याच्या ५ तारखेला करा, जीएसटीच्या १९ तारखेच्या संध्याकाळी नको.

लाईटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पावसाळ्यात तो विचारल्यावाचून येतो. बाइंड आणि अटॅच दोन्ही रीबूटनंतर टिकत नाहीत. रास्पबेरी उठली की डीमन आणि बाइंड आपोआप व्हावं म्हणून सिस्टीमडीची (लिनक्स उठताना कामं चालू करणाऱ्या व्यवस्थेची) एक सर्व्हिस लिहा. होस्टवर एक टायमर ठेवा, दर मिनिटाला जोडलेल्या पोर्टांची यादी बघायची आणि टोकन नसेल तर पुन्हा अटॅच करायचं. उलटा प्रकार जास्त चक्रावतो: वरचा मिनी पीसी एकदम बंद पडला आणि खालची रास्पबेरी इन्व्हर्टरवर चालू राहिली, तर तिला वाटतं टोकन अजून वरच्याकडंच आहे. मिनी पीसी उठून मागायला येतो, ही देत नाही. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून आहे का याची विचारपूस) मुळात ७२०० सेकंदांवर असतं, म्हणजे गेलेला माणूस गेला हे मान्य करायलाच दोन तास. खाली अनबाइंड करून पुन्हा बाइंड केलं की सुटतं; मी कीपअलाइव्हचा आकडा ६० वर आणून ठेवतो. रास्पबेरी ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यामुळं प्रिंटर, कन्व्हर्टर आणि टोकन एकत्र लावताना स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. जुनी रास्पबेरी ३ पडून असेल तर तिचं इथरनेटही यूएसबीच्याच वाटेनं जातं हे लक्षात ठेवा. टोकनला आणि काट्याला चालेल, डिस्कला नको. आणि मजल्यांमध्ये वायफायच्या भरवशावर राहू नका, जिन्याच्या कडेनं एक कॅट ६ ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या १५ मीटरचं तिला काहीच नाही.

आता ती तिसरी अडचण, म्हणजे टोकन कुणाच्या हाती पडतं, आणि इथं मी थोडा कडक आहे. यूएसबी/आयपी ३२४० पोर्टवर चालतं आणि त्याला ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन. तुमच्या नेटवर्कवरचं कुणीही, पाहुण्यांच्या लॅपटॉपसकट, ते टोकन मागून घेऊ शकतं. मध्ये पिन आहे हे खरं, पण तो पिन तारेवरून उघडा जाऊ शकतो, आणि चुकीचा पिन ठरावीक वेळा पडला की टोकन लॉक होतं, मग नव्या डीएससीची धावपळ. म्हणून रास्पबेरीच्या फायरवॉलमध्ये ३२४० फक्त प्रॉक्समॉक्सच्या आयपीला उघडा, बाकी सगळ्यांना बंद. जमलं तर दोघांमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा एन्क्रिप्टेड बोगदा टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. राउटरवर हा पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. मुलगी पुण्याहून सही करेल वगैरे कल्पना असतील तर त्याही वायरगार्डमधूनच.

आणि टोकन कुणाचं आहे? आपल्याकडं अशिलांची टोकनं अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतात, मागं पिनची चिठ्ठी चिकटवलेली. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ म्हणतं की खाजगी किल्लीवर ताबा राहील याची वाजवी काळजी ज्याच्या नावानं सर्टिफिकेट आहे त्यानं घ्यायची. अशिलाचं टोकन रात्रंदिवस नेटवर्कवर टांगून ठेवणं त्या काळजीत बसत नाही. स्वतःचं टोकन कामापुरतं बाइंड करा, सही झाली की अनबाइंड. मी रास्पबेरीवर दोन छोट्या स्क्रिप्ट ठेवतो, ‘दे’ आणि ‘घे’ अशा नावाच्या, आणि ‘दे’ केल्यावर तासाभरात ‘घे’ आपोआप होतं. टायमरच्या स्क्रिप्टलाही मग सांगावं लागतं, की खालीच दिलेलं नसेल तर उगाच मागत बसू नकोस.

खरेदीत तुम्हाला लागेल ती एक रास्पबेरी ४, अडॅप्टरवाला हब आणि कॅट ६ केबल. १५ मीटरची ती यूएसबी केबल दुकानदार परत घेतो का बघा. रास्पबेरी खालच्या खोलीत भिंतीवर जमेल तेवढी उंच लावा, २०१९ ची पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर तिच्या वर. पण स्क्रूनं कायमची आवळू नका, खिळ्याला अडकवा. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीचे आकडे वाढायला लागले की हब आणि रास्पबेरी एका हातानं काढून वर नेता आली पाहिजेत, दुसऱ्या हातात काटा असणार. टोकन तेवढं खिशात टाका.